रत्नागिरी ते मालवण, रस्त्याने: तीन मीटर रुंद बोटीचं प्रकरण

मालवणच्या एका पर्यटन व्यावसायिकाने रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठच्या एका यार्डात फायबरची बोट बांधून घेतली. लांबी ७ मीटर, खोली १.२ मीटर, इंजिनाशिवाय वजन दीड टनाच्या आसपास. इंजिन मालवणात बसवायचं होतं. जुलै संपत आला होता. कोकणात पावसाळी जलपर्यटन २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतं, त्यामुळे १ सप्टेंबरच्या आत बोट मालवणला पोचून तिची तपासणी आणि परवाना ही कामं उरकायची मालकाला घाई होती.

समुद्रमार्गाचा विचार फार वेळ टिकला नाही. इंजिन नाही, नोंदणी नाही आणि बाहेर पावसाळी दर्या. दुसऱ्या बोटीमागे बांधून आणू असं मालकाच्या मावसभावाने सुचवलं, तर त्यांच्या तांडेलाने (होडी चालवणाऱ्या म्होरक्याने) एका वाक्यात विषय संपवला, "नारळी पुनवेआधी नवी होडी दर्यात घालूची नाय." राहिला रस्ता.

मोटार वाहन कायद्याची कामं करतो म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. आलं तेव्हा मालकाने बरंच काही ठरवून टाकलं होतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चार चाकांचा ट्रेलर करून घेतला होता, स्वतःच्या पिकअपला मागे हुक बसवलं होतं आणि निघायची वेळही पक्की केली होती. "वकीलसाहेब, रात्री बाराक सुटलंय की फाटफटी कसालाक. कोण बघूचा नाय." त्यांना माझ्याकडून हवं होतं ते एवढंच, की वाटेत कोणी अडवलंच तर दंड किती.

दंडाचा आकडा सांगण्याआधी मी बोटीची रुंदी विचारली. ते म्हणाले, २.८५. यार्डाच्या नकाशावर तेच लिहिलेलं होतं.

टेप कुठे लावायची

२.८५ ही साच्याची रुंदी होती. प्रत्यक्ष बोटीला दोन्ही काठांवर जाड रबराचा फेंडर बसवलेला होता, जेट्टीला घासून फायबर सोलू नये म्हणून. तो प्रत्येक बाजूला साडेसात सेंटिमीटर. म्हणजे बोट भरली बरोबर ३ मीटर.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९३ सांगतो की वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ती मोजायची दोन्ही बाजूंच्या सर्वांत बाहेर आलेल्या बिंदूंमध्ये. मालकाने तो नियम मोबाइलवर काढला आणि त्यातलं स्पष्टीकरण माझ्यासमोर ठेवलं. रबराची पट्टी मोजत नाहीत, असं तिथे लिहिलेलं आहे. खरंच आहे तसं. पण ती सूट वाहनाच्या बॉडीवरच्या पट्टीला आहे, आरशासारखीच, आणि तीही प्रत्येक बाजूला २० मिलिमीटरपर्यंत. बोट म्हणजे वाहनाची बॉडी नव्हे, वाहनावरचा माल. मालाचं रबर मालातच धरलं जातं.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. अडतात सगळे पुढच्या ओळीवर. त्याच नियम ९३ मध्ये मालासाठी वेगळी अट आहे: माल वाहनाच्या बॉडीच्या बाजूबाहेर आडवा येता कामा नये. किती आला तर चालेल याचा आकडा तिथे नाहीच. म्हणजे मापं दोन आहेत. सबंध गाडी २.६ च्या आत हवी आणि माल गाडीच्या कडेच्या आत हवा. ट्रेलर २ मीटर रुंद आणि त्यावर २.५ मीटरची बोट असेल, तर पहिलं माप पाळलं गेलं तरी दुसरं मोडलंच.

मालकाला हे पटेना, कारण त्यांनी परदेशी व्हिडिओ पाहिले होते आणि त्यांत काठ ट्रेलरबाहेर आलेल्या बोटी खुशाल जाताना दिसतात. ते व्हिडिओ खोटे नाहीत. ब्रिटनमध्ये ट्रेलर २.५५ मीटरपर्यंत चालतो आणि त्यावरचा माल प्रत्येक बाजूला ३०५ मिलिमीटरपर्यंत, एकूण २.९ मीटरपर्यंत, बाहेर आलेला चालतो. अमेरिकेतली सर्वसाधारण मर्यादा ८ फूट ६ इंच, म्हणजे आपल्याइतकीच. पण ब्रिटनचे ३०५ मिलिमीटर मालवणच्या रस्त्यावर कोणी देत नाही. आणि ही बोट ३ मीटरची असल्याने तिथेही अडकलीच असती.

घरचा ट्रेलर

ट्रेलर मी जाऊन पाहिला. काम मजबूत होतं, त्याबद्दल वेल्डिंगवाल्याला नावं ठेवायला जागा नाही. ब्रेक नव्हता, मागे दिवे नव्हते, आणि मुख्य म्हणजे नंबर नव्हता.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन आहे. इंजिन नाही म्हणून ते लोखंडी सामान ठरत नाही. एकदा वाहन म्हटलं की कलम ३९ ची नोंदणी आली आणि कलम १४६ चा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा आला. नोंदणीला विक्रीचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१. आणि रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र, फॉर्म २२. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमधून ही कागदं निघत नाहीत. नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणलं तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड. विमा नसल्याबद्दल कलम १९६ खाली २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडाचं मला फारसं वाटत नव्हतं. हातखंब्याच्या उतारावर दीड टनाची बोट पिकअपला ढकलत खाली आली असती आणि समोर दुचाकीवर कोणी असतं, तर भरपाईचा दावा विमा नसलेल्या ट्रेलरच्या मालकाच्या घरादारावर आला असता. हे सांगितल्यावर मालक जरा गप्प झाले.

मग त्यांनी लायसन्सचं विचारलं: पिकअपचं साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं ना? चालतं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला कायम केलं आहे. पण लायसन्स बरोबर असलं म्हणून बिननंबरी ट्रेलर बरोबर ठरत नाही.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा पर्याय मावसभावाचा. ट्रॉली शेतीच्या नावावर नोंदलेली होती. शेतीची ट्रॉली भाड्याने माल वाहायला लागली की तिचं स्वरूप बदलतं. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नटवर पारीख प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शिवाय तीन मीटरची बोट ट्रॉलीवर आडवी पसरली की दुसऱ्या मापाची गोष्ट पुन्हा तिथेच. तो पर्याय तिथेच सोडला.

परवानगी मागावी का?

आता खरा निर्णय. भाड्याचा ट्रक घेतला तरी बोट सरळ ठेवली तर ३ मीटर. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४(१क) अशा मालासाठीच आहे. माल आडवा, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर आला तर २०,००० रुपये दंड, माल उतरवायचा खर्च वेगळा, आणि माल नीट लावेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. भररस्त्यात बोट उतरवायला क्रेन कुठून आणणार? शिक्षा फक्त ड्रायव्हरला नाही. जो असं वाहन "चालवायला लावतो किंवा चालवू देतो" तोही त्यात येतो. "दंड ट्रकवाल्याचा" असं धरून चालणाऱ्या बोटमालकाने हे शब्द नीट वाचावेत. ड्रायव्हर नको म्हणत असताना हट्टाने माल चढवायला लावला, तर आपण बाहेरचे आहोत असं सांगणं जड जाईल, असं माझं मत.

त्याच पोटकलमात सुटकाही आहे. सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट मालाच्या वाहतुकीला सूट दिलेली असेल तर हा दंड लागत नाही. यालाच वाहतूकदार 'ओडीसी परवानगी' (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची) म्हणतात. पवनचक्कीची पाती आणि ट्रान्सफॉर्मर असेच जातात. परवानगीपत्रात मार्ग, तारखा, दिवसा चालवणं, पुढे-मागे गाडी, लाल झेंडे अशा अटी येतात.

मी ती मागू नये असा सल्ला दिला, आणि यावर माझे काही वकील मित्र माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, कागद हातात असला की झोप लागते. पण ही सूट ज्याचे तुकडे होत नाहीत आणि ज्याला दुसरा इलाज नाही अशा मालासाठी आहे. ई-वे बिलाच्या (जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या) नियमातली व्याख्या हेच सांगते: एकसंध, न विभागता येणारा आणि नियम ९३ च्या मापांबाहेर जाणारा माल. तिथे साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते आणि या मालाला दर २० किलोमीटरला एक. असा माल किती सावकाश जाणार आहे हे सरकारने गृहीतच धरलेलं आहे. आमच्याकडे मुदत गणपतीपर्यंतची. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर जड मालवाहू गाड्यांना, सहसा १६ टन आणि त्यावरच्या, दरवर्षी बंदी लागते आणि तिच्या तारखा शासन ऐनवेळी जाहीर करतं. परवानगीत पंधरा दिवस गेले असते तर ट्रक बंदीत सापडला असता.

आणि खरं कारण वेगळंच होतं. परवानगीने बोट अरुंद होत नाही. चौपदरी महामार्गावर तीन मीटरचं काही वाटत नाही. कसालवरून मालवणकडे वळलं की वाटतं. तिथे समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला मातीत उतरावं लागतं, आणि पावसाळ्यात ती माती चिखल असते.

पुठ्ठ्याची बोट

बोट सरळच का न्यायची, हा प्रश्न यार्डातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारला. ते पूर्वी लाकडी होड्या बांधत. त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, बोटीच्या सर्वांत रुंद जागेचा छेद दहाला एक या प्रमाणात कापला, टेबलाच्या कडेला टेकवला आणि हळूहळू कलता केला. शेजारी फूटपट्टी उभी धरली.

बोटीचा आकार खाली निमुळता असतो, म्हणून हे जमतं. चौकोनी खोक्याला असं कलतं करून फारसा फायदा नाही. काठाशी ३ मीटर, पण पोटाच्या वळणाशी २.२ मीटरच. ४० अंशांत कलवली तर रुंदी उतरते २.५७ वर, उंची २.३६. ४५ अंशांत दोन्ही २.४८. ५० अंशांत रुंदी २.३६ आणि उंची २.५७. दर पाच अंशांना रुंदीत मिळणारं उंचीत जातं.

चोवीस फुटी ट्रकची बॉडी आतून साधारण २.४४ मीटर रुंद. ४० अंशांत बोट २.६ च्या आत येते खरी, पण बॉडीत मावत नाही. फळीबाहेर येते आणि दुसरं माप मोडतं. ४५ ला चार सेंटिमीटरनी अडते. ५० ला बसते, दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर सोडून. मग उंची मोजली: ट्रकच्या बॉडीचा तळ जमिनीपासून १.२५, खालच्या लाकडी फळ्या ८ सेंटिमीटर, बोट २.५७. एकूण ३.९० मीटर. मालवाहू गाडीची उंचीची मर्यादा ४ मीटर आहे; जून २०२० पर्यंत ती ३.८ होती. तेव्हाच्या नियमात हा मार्ग बंद होता. कमी उंचीचा लो-बेड ट्रेलर मिळाला असता तर उंचीची चिंता मिटली असती, पण जो मिळत होता त्याचा बेडच ३ मीटर रुंद. मग गाडीच २.६ च्या बाहेर.

यार्डाने इथे पाय मागे घेतला. बोट कलती नेली आणि फायबरला तडा गेला तर हमी लागू नाही, असं त्यांनी लेखी दिलं. मला ते गैर वाटलं नाही. एका काठावर दीड टन दाबला गेला तर जेलकोटला, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, केसासारख्या चिरा जातातच. तोडगा मिस्त्रींनीच काढला. साच्याला आधार द्यायला वापरलेल्या वक्र फळ्या यार्डात पडून होत्या, त्या बोटीच्या पोटाला तंतोतंत बसणाऱ्या. त्यांतल्या चार घेऊन त्यांनी कलता पाळणा केला, वर जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या. वजन काठावर न येता पोटावर विभागलं गेलं. यार्डाने ते पाहून आपलं पत्र मागे घेतलं, आणि मालकाने प्रवासापुरता मालाचा विमा वेगळा काढला.

वाटेत

हायड्रा क्रेनने बोट दोन रुंद पट्ट्यांत उचलून पाळण्यात बसवली. नाळ (बोटीचं पुढचं टोक) पुढे, वरचा काठ ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे झाडांच्या फांद्या ज्या बाजूने येतात त्याच्या उलट. लांबीत ७ मीटरची बोट ७.३ च्या बॉडीत मावली आणि मागचं फाळकं लागलं. हे महत्त्वाचं, कारण मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायची जुनी सवलत आता नियमात राहिलेली नाही. सळया बाहेर लोंबणारे ट्रक अजून दिसतात, तो भाग वेगळा.

दिवसा निघाले. रात्रीचा आग्रह मालकाने एव्हाना सोडला होता. ड्रायव्हरजवळ एक फाइल: गाडीचं आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं जड वाहनाचं लायसन्स, यार्डाचं बिल आणि ई-वे बिल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ते लागतं. अंतर २०० किलोमीटरच्या आत, त्यामुळे एकाच दिवसाची मुदत. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते, हे ड्रायव्हरला दोनदा सांगितलं.

खारेपाटणच्या अलीकडे आरटीओच्या वायुवेग पथकाने (फिरत्या तपासणी पथकाने) हात केला. कलती बोट लांबून फारच मोठी दिसते. निरीक्षकांनी टेप काढलीच, पण आधी एक दोरी मागितली, तिला नट बांधला आणि बोटीच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूपासून ओळंबा सोडला. नट फळीच्या आत पडला. मागे, बाजूला, वर, सगळीकडे तसंच. मग त्यांचं लक्ष छपराच्या पाइपांकडे गेलं. ताडपत्रीच्या छपराचे स्टीलचे पाइप शेवटच्या क्षणी कोणीतरी बाहेरच्या बाजूने दोरीने बांधले होते आणि ते फळीबाहेर चार बोटं आले होते. मालक म्हणाले, "साहेब, हा माल नाय, छपराचा सामान." कलमात शब्द आहेत तो माल, त्याचा भाग "किंवा कोणतीही वस्तू", आणि निरीक्षकांना ते पाठ होते. पाइप सोडून आत टाकेपर्यंत गाडी तिथेच उभी राहिली. चलन केलं नाही. तो त्यांचा मोठेपणा. केलं असतं तर माझ्याकडे बचाव नव्हता.

कसाल-मालवण रस्त्यावर एका माणसाने हातात सुक्या बांबूची काठी घेऊन बोटीपुढे मोटारसायकलवर जायचं ठरलं होतं, घरांकडे गेलेल्या विजेच्या तारा बघायला. रस्ता ओलांडून जाणारी कमी दाबाची तार नियमाने ५.८ मीटर उंच असावी लागते. पावसात वाकलेल्या खांबांवर तसं असतंच असं नाही. दोन ठिकाणी थांबून अंदाज घेतला, काठी उचलायची वेळ आली नाही.

किनाऱ्यावर

मालवणात उतरवताना घरचा ट्रेलर पुन्हा चर्चेत आला. मालकाचं म्हणणं, हमरस्ता संपला, आता पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) शंभर पावलं न्यायला काय हरकत? हरकत आहे. कायद्यातली 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. पुळण त्यात येते. बिननंबरी ट्रेलर मालकाच्या स्वतःच्या कुंपणाच्या आत फिरवता येईल, किनाऱ्यावर नाही. बंदर खात्याच्या कार्यालयात अर्ज देऊन भरतीच्या वेळी जेट्टीवर क्रेन लावली आणि ट्रकवरून बोट थेट पाण्यात सोडली. दोन्ही टोकांच्या क्रेनचं भाडं मिळून ट्रकच्या भाड्याच्या वर गेलं, आणि मालकाला अजून तेच खटकतं.

मेमध्ये बोट शाकारायला (पावसाळ्यासाठी झाकून ठेवायला) वर ओढायची आहे. नोंदणीकृत ट्रेलर विकत घ्यायचा विचार मालकाने केला होता, पण सरळ ठेवलेली तीन मीटरची बोट कोणत्याही नंबरच्या ट्रेलरवर तीन मीटरच राहते. रापणवाले (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार) जशा होड्या वर घेतात तशी, लाकडी ओंडक्यांवरून माणसं लावून घ्यायची असं सध्या ठरलं आहे. यार्डाकडे त्यांनी दुसऱ्या बोटीचं विचारलं आहे, आणि या वेळी फेंडर धरून २.४ मीटरच्या वर जायचं नाही असं ऑर्डरवर लिहून द्यायला सांगितलं आहे. मिस्त्री म्हणतात तेवढ्या रुंदीला बारा प्रवासी डुलतील, दहाच घ्या. त्यावर अजून बोलणं चालू आहे.